दोन नंबरचा ब्रश

मॉडेलच्या कारखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून दचकायचा. बाई जुगाराचा अड्डा चालवते की काय, असं त्याला वाटायचं. खरी गोष्ट साधी होती. सव्वीस वर्षं तिने एका कारखान्यात दाब मोजायच्या यंत्रांच्या तबकड्यांवर हाताने आकडे रंगवले होते. शून्य, दहा, वीस, तीस, मधल्या बारीक रेघा आणि धोक्याच्या जागी लाल पट्टा. पुढे तबकड्या छापून येऊ लागल्या, तिचा विभाग बंद झाला आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती या नव्या कामावर रुजू झाली.

हा कारखाना म्हणजे एका लेथच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत लाकूड आणि पुठ्ठा कापायचा, दुसरीत जोडायचं, तिसरीत रंगवायचं. पूल, इमारती, धरणं, जे सांगाल त्याची टेबलावर मावेल एवढी प्रतिकृती इथे तयार होई. खाली लेथ सुरू झाला की वरच्या पेल्यांतलं पाणी थरथरायचं. म्हणून बारीक काम लेथवाला जेवायला गेला की उरकायचं, असा अलिखित नियम होता. तो जेवायला बसला की वर सगळे श्वास रोखून कामाला लागत, आणि त्याने लवकर आटोपलं तर त्याच्या नावाने खडे फोडत.

त्या वर्षी शहराच्या संग्रहालयाचं मोठं काम आलं. ऐंशी वर्षांपूर्वीची जुनी बाजारपेठ जशीच्या तशी करायची होती. दुकानं, हातगाड्या, दिव्याचे खांब आणि तीनशे बारा माणसं. प्रत्येक माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा. चेहरा मटाराच्या दाण्याहून लहान.

माणसं रंगवायचं काम पेंटरकडे होतं. पेंटरने उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं होतं. सहा फुटी अक्षर तो शिडीवर उभा राहून दोरी न मारता सरळ काढायचा. त्याने पहिली वीस माणसं रंगवली, कपडे झकास उतरले, आणि संग्रहालयाच्या संचालक बाई बघायला आल्या. त्यांनी भिंग काढलं. एक बाहुली पाहिली, दुसरी पाहिली, मग सगळ्या वीस ओळीने लावून पाहिल्या.

"या सगळ्यांनी काय पाहिलंय हो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?" मालक म्हणाले.

"बाजारात वाघ शिरल्यासारखे डोळे आहेत सगळ्यांचे."

पेंटरचा चेहरा पडला. खोटं नव्हतं ते. वीसच्या वीस माणसं डोळे फाडून समोर बघत होती. कुलपं विकणारा तर आत्ता किंचाळेल असा दिसत होता.

बाई गेल्यावर मालकांनी फर्मान काढलं, "याच्याहून बारीक ब्रश आणा. आत्ता कितीचा वापरतोस रे?"

"तीन शून्यांचा," पेंटर म्हणाला. "बाजारात पाच शून्यांचाही मिळतो म्हणे."

"मग पाच शून्यांचा आणा."

आकडेबाई खिडकीजवळ बसून दुकानांच्या छपरांवर गंज रंगवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शून्यं वाढवून काही व्हायचं नाही, मालक. दोन नंबरचा हवा."

"दोन नंबरचं काम मी आयुष्यात केलं नाही, बाई!"

सगळे हसले. तीही हसली. पण मग तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि पेंटरचा तीन शून्यांचा ब्रश उचलून मालकांसमोर धरला. "हा बघा. याला पोटच नाही. एवढासा रंग मावतो आणि तो टोकापर्यंत यायच्या आत वाळतो. मग पेंटर पुन्हा बुडवतो, पुन्हा टेकवतो. एका डोळ्याला चार वेळा. चार थर बसले की डोळ्याचा बटाटा होतो. हात चांगला आहे त्याचा. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आणि जाड ब्रशने एवढासा डोळा?"

"जाडी पोटाला असते. टोक सुईसारखंच असतं, ब्रश चांगला असला तर. चांगला निवडावा लागतो."

मालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिने कधी काही मागितलं नव्हतं. "मग तुम्हीच निवडा," ते म्हणाले. "सोमवारी दहा माणसं हवीत. डोळे माणसांचे."

"होतील," ती म्हणाली आणि पुन्हा छपराकडे वळली.

घरी जेवताना तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा नवऱ्याला आनंदच झाला. तो पाणीपुरवठा खात्यात होता. शहरातला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीत आहे हे त्याला तोंडपाठ होतं, आणि घरातल्या भांडणांतही तो कुठला व्हॉल्व्ह कधी बंद करायचा ते जाणून होता.

"आक्काचं दुकान कशाला आहे मग?" तो म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवीन माल आलाय तिच्याकडे, मखमलीच्या पेट्यांत. परवाच दाखवत होती."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आकडेबाई तिला वन्सं म्हणे. वन्संचं वह्या-पुस्तकांचं आणि रंगसाहित्याचं दुकान शाळेला लागून होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने अठ्ठावीस वर्षं चालवलं होतं. बाई करारी. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, वहीची पानं मोजून दाखवल्याशिवाय त्या वही देत नसत.

"वन्संकडेच जाणार आहे," आकडेबाई म्हणाली. "पण निवडून घेईन."

"घे की. निवडायला कोण नाही म्हणतंय?"

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. वन्संनी तिला काउंटरच्या आत बोलावलं, खुर्ची दिली आणि मोठ्या कौतुकाने तीन पेट्या उघडल्या. आत निळी मखमल आणि तीवर ओळीने बारा बारा ब्रश. काळा चकचकीत दांडा, सोनेरी नळी आणि पुढे तांबूस केस, प्रत्येकाला भाल्यासारखं टोक.

"परदेशी आहेत," वन्सं म्हणाल्या. "थंड प्रदेशातल्या कुठल्याशा जनावराच्या शेपटीचे केस. एजंट सांगत होता, अख्ख्या शहरात फक्त माझ्याकडे दिलेत. बघ कशी टोकं आहेत!"

"सुरेख दिसतात. वन्सं, एक पेला पाणी द्याल?"

"तहान लागली होय? थांब, माठातलं देते."

वन्संनी पाणी दिलं. आकडेबाईने एक ब्रश उचलला आणि सरळ पेल्यात बुडवला.

"अगं, अगं! विकायचा माल आहे तो!"

"टोकाला डिंक लावलेला असतो, वन्सं. प्रवासात केस विस्कटू नयेत म्हणून. डिंक आहे तोवर केरसुणीलाही टोक दिसेल. तो धुतल्यावर काय उरतं ते खरं."

तिने ब्रश पाण्यात हलक्या हाताने फिरवला, बाहेर काढला आणि मनगटाला एक झटका दिला. भाल्याचं टोक गेलं आणि त्याच्या जागी दोन टोकं आली, पाखराच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी. तिने दुसरा घेतला. त्याचा एक केस बाजूला वाकून उभा राहिला, घराबाहेर काढलेल्या जावयासारखा. तिसऱ्याचं टोक जमलं, पण नखावर आडवा दाबल्यावर तो तसाच वाकून पडला, पुन्हा सरळ होईना. चौथ्याच्या नळीला उभी फट होती. पाचवा तिने झटकला आणि क्षणभर थांबली. सगळे केस आपोआप एकत्र आले होते आणि टोकाला एकच केस असावा असं वाटत होतं. नखावर दाबला, सोडला, टुणकन उभा. कागदावर ओली रेघ ओढली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी.

"हा," ती म्हणाली आणि तो वेगळा ठेवला.

असं करत तिने तिन्ही पेट्या संपवल्या. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, एक वही घेऊन गेलं आणि एक नुसतंच उभं राहून बघत बसलं. वन्संचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला. शेवटी कागदावर एका बाजूला चार ब्रश होते आणि दुसऱ्या बाजूला बत्तीस.

"हे चार घेते," आकडेबाई म्हणाली. "आणि ते खालच्या खणातले शाळेचे दोन द्या, नायलॉनचे."

"ते? ते तर मुलं पोस्टर रंगवायला नेतात."

"चांगले आहेत. कपड्यांचे पहिले थर द्यायला याहून चांगलं काही नाही. कितीही घासा, तक्रार नाही."

हे मात्र वन्संना लागलं. मखमलीतले बत्तीस नापास आणि खणातले दोन पास! त्यांनी ते सहा ब्रश कागदात गुंडाळून दिले, पण नजर दिली नाही.

"माझ्याच दुकानात बसून, माझंच पाणी घेऊन, माझाच माल नासवलास," त्या म्हणाल्या. "तेही गिऱ्हाइकासमोर."

"नासला नाही, वन्सं. वाळला की तसाच राहील. पण मी वाईटाला चांगलं म्हणून तुमच्याकडून नेलं असतं, तर सोमवारी कारखान्यात तुमचंच नाव खराब झालं असतं."

"माझ्या नावाची काळजी मी करते. तू आता नीघ."

आकडेबाई निघाली. रस्त्यात तिला वाईट वाटलं, पण ते वन्संच्या पडलेल्या चेहऱ्याचं. निवडीबद्दल तिच्या मनात कणभर किंतु नव्हता. सव्वीस वर्षांत तिने हजारो ब्रश असे झटकले होते. चुकीच्या ब्रशने काढलेल्या चाराचा कधी नऊ होतो आणि मग कुठेतरी कुणीतरी चुकीचा दाब वाचतो, हे तिच्या पहिल्या मुकादमाने तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला आणि तो गॅलरीत जाऊन अर्धा तास नुसता "हो आक्का, बरोबर आहे आक्का" करत राहिला. आत आल्यावर म्हणाला, "घेऊन टाकायचे होतेस ना दहा-बारा. तुझं काय जात होतं?"

"उद्या तुमच्या खात्याने गळका व्हॉल्व्ह आणला आणि तो तुमच्या मेहुण्याने विकलेला असला, तर बसवाल?"

"मला मेहुणाच नाही," तो म्हणाला. मग चहा टाकायला उठला. त्याच्या बाबतीत एवढी माघार म्हणजे पुष्कळ होती.

सोमवारी लेथ थांबल्यावर आकडेबाईने पेंटरला शेजारी बसवलं आणि दोन नंबरचा ब्रश त्याच्या हातात दिला.

"हा तर झाडू आहे," पेंटर म्हणाला.

"टोकाकडे बघ. पोटाकडे बघू नकोस. अर्ध्याच केसांपर्यंत बुडवायचा, नळीत रंग गेला की ब्रश मेला म्हणून समज. आता जास्तीचा रंग कागदावर टेकव. हं. आधी डोळ्याच्या जागी एक गडद आडवी रेघ."

"आधी पांढरा नाही?"

"पांढरा आधी दिलास म्हणून तर वाघ शिरला. आधी गडद. त्याच्या आत पांढऱ्याचे दोन ठिपके, गडद रंगाची कड उरली पाहिजे. मग बुबुळ. ते गोल काढायचं नाही, वरून खाली एक उभी रेघ ओढायची. वरच्या पापणीला टेकलेली. माणूस शांत असला की पापणी थोडी खाली असते."

पेंटरने श्वास रोखला. ब्रश चेहऱ्याला टेकला, रंग टोकातून आपसूक उतरला आणि त्याने हात वर घेतला. पुन्हा बुडवावं लागलं नाही. त्याने दुसरा डोळाही त्याच दमात केला. मग भिंगातून पाहिलं आणि पुढची बाहुली उचलली. तिसऱ्या बाहुलीनंतर तो म्हणाला, "बाई, इतकी वर्षं मला वाटत होतं की बारीक काम माझं नाहीच."

"तुझंच आहे. गुपचूप कर, लेथवाला हात धुतोय."

संचालक बाई दोन दिवसांनी आल्या. भिंग घेऊन त्या दहाही माणसांसमोर बराच वेळ बसल्या. एक मडकी विकणारी म्हातारी होती, तिच्यापाशी थांबून म्हणाल्या, "ही माझ्याकडे बघतेय. आणि मी काही घेणार नाही हे तिला कळलंय." मग मालकांकडे वळून त्यांनी उरलेल्या तीनशे दोन माणसांना मंजुरी दिली.

मालकांनी रंगकामाला अजून दोन बायका घेतल्या. दोघी आकडेबाईच्या जुन्या विभागातल्या, हात तयार असलेल्या. पण ब्रश चारच. आणखी आठ तरी लागणार होते. आकडेबाई शहरातली दुसरी दोन दुकानं फिरून आली. एकाने पाण्याचा पेला बघूनच तिला बाहेरची वाट दाखवली आणि दुसऱ्याकडे वीसांत एकच निघाला. वन्संच्या दुकानावरून ती दोनदा गेली. आत गेली नाही. तिच्या मते चूक तिची नव्हती, आणि वन्संच्या मते त्यांची नव्हती. अशा वेळी कुणीतरी आधी बोलावं लागतं.

आधी वन्सं बोलल्या. पुढच्या आठवड्यात बुधवारी त्यांचा फोन आला तो थेट मुद्द्यावर.

"उद्या चार वाजता तो एजंट येतोय. तू ये."

"मी कशाला?"

"दुपारी दुकान बंद असताना मी दहा ब्रश पाण्यात घालून पाहिले, तू बाजूला काढलेल्यांतलेच. म्हटलं, ही उगाच शहाणपणा करते का बघू. एकाचंही टोक धड राहिलं नाही. सगळे फाटले, नाहीतर वाकले. भांडण तुझ्याशी आहेच. पण माल खराब आहे ते वेगळं. मला जे सांगितलंस ते त्याच्या तोंडावर सांग."

एजंट गळ्यात टाय बांधून, हातात चामड्याची पेटी घेऊन आला. बोलणं असं की ऐकणाऱ्याला खडीसाखर खाल्ल्यासारखं वाटावं. वन्संनी मखमलीच्या तिन्ही पेट्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे परत न्या."

त्याने दुभंगलेला एक ब्रश उचलून पाहिला आणि हसला. "मावशी, हा उंची माल आहे. याला हात लागतो. रोज वापरणाऱ्यांची काही तक्रार नसते. राग मानू नका, पण नाचता येईना, अंगण वाकडं, असं होतं कधी कधी."

वन्संचे कान लाल झाले. आकडेबाईने मात्र शांतपणे पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात एक बाहुली होती, छत्री घेतलेला माणूस, अजून डोळे नसलेला. तिने रंगाच्या तीन बाटल्या मांडल्या, आपला निवडलेला ब्रश ओला केला आणि एजंटसमोरच बसली. गडद रेघ, दोन ठिपके, उभी रेघ. पुन्हा तेच. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिने बाहुली त्याच्या हातात दिली आणि वन्संनी न सांगता भिंग पुढे केलं.

"हा ब्रश तुमचाच आहे," आकडेबाई म्हणाली. "याच पेटीतला. म्हणजे ब्रश बनवणाऱ्याच्या हातात कसब आहे. आता तुमच्या अंगणात नाचून दाखवते."

तिने बत्तीसांतला एक उचलला, त्याच काळजीने धुतला, त्याच काळजीने रंगात अर्धा बुडवला आणि कागदावर एकच रेघ ओढली. रेघा दोन उमटल्या, शेजारी शेजारी. तिने दुसरा ब्रश घेतला. पुन्हा दोन. तिसऱ्याने मधेच ठिपका सांडला.

"तुम्ही ओढून बघा," तिने चौथा त्याच्या पुढे धरला.

एजंटने हात पुढे केला नाही. त्याने टाय थोडा सैल केला, आणि मग त्याच्या आवाजातली खडीसाखर विरघळली आणि साधा माणूस बोलू लागला. "खरं सांगू का? बनवतात चांगले. पण शंभरांत सगळे सारखे कसे होणार? मग निवड होते. मोठ्या दुकानांत निवडणारे बसलेले असतात, ते झटकून घेतात. त्यांनी काढलेला माल मग..."

"मग माझ्याकडे," वन्सं म्हणाल्या.

"जिथे कुणी बघत नाही तिथे."

"मी बघत नाही असं कुणी कळवलं होतं तुम्हाला?"

वन्संनी वहीची पानं मोजण्याच्या सुरात अटी घातल्या. हा माल परत. पुढच्या खेपेला निवड व्हायच्या आधीचे शंभर ब्रश आणायचे, ते काउंटरवर पाण्यात घालून बघायचे, जे पास होतील तेवढेच ठेवायचे आणि उरलेले त्याने तिथल्या तिथे परत न्यायचे. तो आधी नाही म्हणाला, मग बघतो म्हणाला, मग हो म्हणाला. जाताना त्याने आकडेबाईला विचारलं, "तुम्ही आमच्याकडे निवडायला याल का?"

"मला काम आहे," ती म्हणाली. "तीनशे माणसांचे डोळे राहिलेत."

शंभर ब्रश आठवड्याने आले. दोघींनी काउंटरवर पाण्याचे दोन पेले मांडले आणि सकाळपासून झटकायला बसल्या. वन्संनी पहिल्या दहांपर्यंत प्रत्येक ब्रश आकडेबाईला दाखवला, अकराव्यापासून स्वतःच ठरवू लागल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर आकडेबाईच्याच एका निवडीला नापास केलं. "याला खालून एक केस आडवा आहे. चष्मा बदल." खरोखरच होता. शंभरांत एकतीस पास झाले. बारा कारखान्याला, बाकीचे दुकानात. मखमलीच्या पेट्यांचा नाद वन्संनी सोडला, काचेच्या एका बरणीत ब्रश टोक वर करून ठेवले आणि वर पाटी लावली: "पाण्यात घालून, पाहून घ्या."

कारखान्याचे बारा ब्रश द्यायला त्या स्वतः जिना चढून आल्या. दम खात तिसऱ्या खोलीत बसल्या आणि टेबलावर ओळीने उभी असलेली शे-दीडशे माणसं बघत राहिल्या. लेथ नुकताच थांबला होता. चौघे माना खाली घालून डोळे रंगवत होते.

"मला दे एक," वन्सं हळूच म्हणाल्या.

"वन्सं, ही मोजून आहेत."

"एक दे म्हटलं ना. अठ्ठावीस वर्षं ब्रश विकतेय, एकदाही हातात धरून रंगवलं नाही."

आकडेबाईने त्यांना टोपल्या विकणारी एक बाई दिली आणि काय काय करायचं ते सांगितलं. वन्संनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि काम सुरू केलं. डावा डोळा छान जमला. उजव्याच्या वेळी दारात उभ्या मालकांना शिंक आली. बुबुळाची रेघ नाकाच्या बाजूला सरकली. टोपल्यावाली ठार तिरळी झाली.

"द्या, मी पुसून पुन्हा करते," आकडेबाई म्हणाली.

"हात लावू नकोस. बाजारात एखादी तिरळी नसते का?"

"संचालक बाई भिंगाने बघतात हो."

"बघू देत की."

संचालक बाईंनी शेवटच्या तपासणीला पाहिलं. सगळी तीनशे बारा माणसं त्यांनी एकेक करून पाहिली आणि टोपल्यावालीपाशी येऊन थांबल्या. आकडेबाईने तोंड उघडलं, पण त्या दिवशी मुद्दाम आलेल्या वन्संनी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"हिचं एका डोळ्याने गिऱ्हाइकाकडे लक्ष आहे आणि एकाने टोपल्यांकडे," संचालक बाई म्हणाल्या. "राहू द्या."

आता ती बाजारपेठ संग्रहालयाच्या तळमजल्यावर काचेत आहे. टोपल्यावाली डावीकडून तिसऱ्या दुकानापुढे बसलेली दिसते. वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला तिथे घेऊन जातात आणि बाकीच्या तीनशे अकरांबद्दल अवाक्षरही न काढता थेट तिच्यासमोर नेऊन उभं करतात.